मुंबईतील प्लेग आणि नगररक्षणाचा प्रश्न : एक ऐतिहासिक विवेचन

रतनसुत्ताच्या पठणाने आपल्या विहारांतील अनेक मंगल प्रसंगांचा आरंभ होतो. परंतु या सुत्ताची पार्श्वभूमी मंगल नव्हती, ती एका नगरावर कोसळलेल्या महामारीची होती, हे पुष्कळदा आपल्या ध्यानात राहत नाही. अट्ठकथाकार सांगतात की, वैशालीत प्रथम दुष्काळ पडला. त्यात आधी दरिद्री माणसे मरू लागली आणि त्यांची प्रेते नगराबाहेर फेकून देण्यात आली. त्या दुर्गंधीतून दुसरे भय उत्पन्न झाले आणि त्यापाठोपाठ रोगाचे तिसरे भय आले. रोग आपल्या दारी पोहोचला तेव्हा लिच्छवी संथागारात जमले. दोष राजाचा आहे काय, याची भर सभेत चौकशी झाली आणि मग तथागतांना बोलावणे गेले.

या कथेतील अद्भुताचा भाग बाजूला ठेवला, तरी तीन गोष्टी शिल्लक राहतात. महामारीचा पहिला घाला दरिद्री माणसावर पडतो. त्याची हेळसांड पुढे साऱ्या नगरावर उलटते. आणि संकटकाळी राज्यकर्त्याचा दोष विचारणे हा प्रजेचा अधिकार आहे. या तीन गोष्टींच्या कसोटीवर आम्ही प्रस्तुत लेखात मुंबई नगराच्या आरोग्याचा इतिहास तपासणार आहोत. त्यात १८९६ सालचा प्लेग हा मुख्य विषय आहे. कारण मुंबईचे आजचे रस्ते, चाळी, आरोग्यविषयक कायदे आणि संशोधनसंस्था यांपैकी कितीतरी गोष्टींचे मूळ त्या एका साथीत आहे. विशेष म्हणजे आपल्या चळवळीच्या इतिहासातील एक अत्यंत परिचित वास्तूही त्याच साथीशी जोडलेली आहे.

मांडवीतील साथ

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात रुग्णांना तपासताना डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांना ताप आणि जांघेतील गाठ ही लक्षणे आढळली. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी निदान केले व ते महापालिकेसमोर निर्भयपणे मांडले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या गोदामांचा आणि दाट वस्तीचा भाग होता. धान्य तेथे उंदीर आणि उंदीर तेथे पिसवा, ही साखळी आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या वेळी मात्र ती कोणालाच ठाऊक नव्हती. उंदराच्या पिसवेमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने कराचीत प्रयोगाने दाखविले ते १८९८ साली, आणि वैद्यकीय जगताने ते मान्य करण्यास आणखी काही वर्षे गेली.

त्यामुळे १८९६ साली प्रशासनाने जे उपाय योजले ते घाणीतून व दूषित हवेतून रोग उद्भवतो या समजुतीवर आधारलेले होते. गटारांत समुद्राचे पाणी सोडण्यात आले, कार्बोलिक आम्लाची फवारणी झाली, घरांना चुना फासला गेला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली गेली. गटारे धुतल्याने बिळांतील उंदीर मात्र चहूकडे पांगले. हेतू चांगला असूनही अपुऱ्या ज्ञानामुळे विपरीत परिणाम कसा होतो, याचे हे उदाहरण आहे. यासाठी त्या काळच्या अधिकाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. दोष द्यायचा तो अन्य गोष्टींसाठी.

अधिकार आणि विश्वास

म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ऑक्टोबर १८९६ च्या आरंभी एक जाहीरनामा काढला. त्यान्वये प्लेगचा संशय असलेल्या रुग्णास त्याच्या अथवा नातलगांच्या इच्छेविरुद्धही रुग्णालयात हलविण्याचा अधिकार प्रशासनास मिळाला. लोकांच्या मनात रुग्णालय म्हणजे मरणाचे घर, अशी भीती आधीच होती. २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर प्रशासनास नियम शिथिल करावे लागले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला आणि मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमली गेली. घरांची झडती, प्रवाशांची तपासणी, विलगीकरणाच्या छावण्या यांचे सत्र सुरू झाले. १८९१ च्या शिरगणतीनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २१ हजार होती. त्यांतील जवळजवळ निम्मे लोक त्या पहिल्याच हिवाळ्यात शहर सोडून गेले. पळणाऱ्यांबरोबर रोगही गावोगावी पोहोचला. पुण्यात रँड यांच्या सक्तीच्या कारभाराची परिणती २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाली, हे सर्वविदित आहे.

परंतु पुण्याच्या त्या वर्षाचा इतिहास म्हणजे केवळ रँडचा इतिहास नव्हे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी नगराबाहेर हडपसरच्या बाजूस प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उभारला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातून त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. विलगीकरण दोन्हीकडे होते. रुग्णास वस्तीबाहेर नेणे रँडच्या शिपायांनी केले आणि सावित्रीबाईंनीही केले. एकाच्या हाती कायदा होता, दुसरीच्या ठायी करुणा होती. म्हणून एकापासून लोक रुग्ण लपवीत होते आणि दुसरीच्या स्वाधीन करीत होते. सार्वजनिक आरोग्याच्या शास्त्रात आज ज्याला लोकांचा विश्वास म्हणतात तो हाच होय.

नगर कोणाच्या खांद्यावर ?

आता आम्ही अशा एका घटनेकडे वळतो की जिची नोंद प्लेगवरील लोकप्रिय लेखनात क्वचितच होते. त्या काळी मुंबईत टोपलीचे संडास होते. दोन इमारतींमधील अरुंद घरगल्लीतून जाऊन मैला उचलणारे कामगार होते आणि त्यांना महापालिकेच्या दप्तरी ‘हलालखोर’ म्हटले जाई. त्यांच्या नावाचे स्वतंत्र खाते होते आणि नागरिकांकडून त्यासाठी हलालखोर कर वसूल केला जाई. या कामगारांत गुजरात-काठियावाडातून आलेल्या सफाई करणाऱ्या जातींचा भरणा होता. रस्ते झाडणे, कचरा उचलणे या कामांत दख्खन व कोकणातून आलेले आपले महार बांधव मोठ्या संख्येने होते.

साथ पसरली तेव्हा कमिशनर स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती वाटली ती हे कामगार शहर सोडून जातील याची. व्यापारी गेले, गिरण्यांचे मजूर गेले, तरी नगर कसेबसे तग धरू शकत होते. झाडूवाला गेला असता, तर नगर राहण्यायोग्यच उरले नसते. ऑक्टोबरअखेर रुग्ण हलविण्याचे नियम सौम्य करण्यामागे या धास्तीचाही वाटा होता. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांच्या पायांवर सारे नगर उभे आहे, ही गोष्ट १८९६ साली प्रशासनाच्या ध्यानी आली होती.

ध्यानी आल्यावर काय झाले, हा खरा प्रश्न आहे. कामगारांना शहरात टिकवून धरणे हे प्रशासनाचे लक्ष्य होते. त्यांना त्या कामाच्या जातिबद्धतेतून सोडविणे हे कोणाचेच लक्ष्य नव्हते. साथीच्या काळात अनेक जातींनी व पंथांनी आपापल्या लोकांसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालये काढली. त्यांत पारशी होते, भाटिया होते, जैन होते, मेमन होते. परस्परसाहाय्य म्हणून याचे कौतुक झाले आणि ते काही अंशी योग्यही होते. परंतु ज्या समाजात धनिक नाहीत, त्याचे रुग्णालय कोणी काढावयाचे ? रुग्णशय्याही जातवार वाटल्या जाणाऱ्या नगरात, सर्वांचा मैला वाहणाऱ्यास सर्वांच्या दयेवर अवलंबून राहणे भाग होते.

विटाळ आणि संसर्ग

येथे एका मूलभूत भेदाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस आवश्यक वाटते. विटाळ आणि संसर्ग या दोन कल्पना वरवर सारख्या भासतात. दोहोंतही अंतर राखणे आहे, स्पर्श टाळणे आहे, स्नान आहे. कित्येक विद्वानांनी तर साथीच्या काळात अस्पृश्यतेचे समर्थन आरोग्यशास्त्राच्या आधारे करण्याचाही प्रयत्न केला आहे. वस्तुतः या दोन कल्पना परस्परविरोधी आहेत. संसर्ग रोगापासून होतो, त्यास कारण असते, काळाची मर्यादा असते आणि तो कोणाचीही जात विचारीत नाही. विटाळ जन्माला चिकटविलेला असतो आणि रुग्ण बरा झाला तरी तो जात नाही.

महाडचे उदाहरण याबाबतीत पुरेसे बोलके आहे. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळ्याच्या ‘शुद्धी’साठी शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या १०८ घागरी पाण्यात ओतण्यात आल्या. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणे ही ज्या समाजास शुद्धी वाटते, त्या समाजास आरोग्य म्हणजे काय हे कळण्यास अजून अवकाश आहे, असेच म्हणावे लागेल.

ट्रस्टची चाळ

प्लेगने सरकारच्या आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. कोंदट, अंधाऱ्या, दाटीच्या खोल्या हे रोगाचे घर असते. या जाणिवेतून १८९८ साली मुंबई शहर सुधार ट्रस्टची, म्हणजेच इंप्रूव्हमेंट ट्रस्टची, स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. परंतु आरंभीच्या काळात जितक्या खोल्या पाडल्या त्या मानाने बांधल्या कमी. घर गेलेला गरीब शेजारच्या चाळीत दाटीने राहू लागला. वस्ती हटली, दाटी हटली नाही. १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. बी.डी.डी. चाळी त्या याच. ट्रस्ट पुढे १९३३ साली महापालिकेत विलीन झाला.

परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत, चाळ क्रमांक १ मधील ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत, बाबासाहेबांचे वास्तव्य १९१२ ते १९३४ या काळात होते. आपण त्या वास्तूकडे प्रेरणास्थान म्हणून पाहतो आणि ते यथार्थच आहे. परंतु ती चाळ बांधणारी संस्था प्लेगमधून जन्मली होती, हेही स्मरणात ठेवले पाहिजे. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या आणि महाडच्या काळात बाबासाहेब या चाळीत राहत होते. माता रमाईंनी येथेच संसार केला. त्यांची चार अपत्ये अकाली गेली आणि त्यांतील राजरत्नचा मृत्यू १९२६ साली झाला. सार्वजनिक आरोग्य हा बाबासाहेबांच्या दृष्टीने केवळ ग्रंथांतील विषय नव्हता.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकास बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. परळच्या चाळीपासून या अनुच्छेदापर्यंतचा प्रवास अभ्यासकांनी अवश्य तपासावा.

इन्फ्लुएंझाची साक्ष

१९१८ साली मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ आली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे त्यात दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. मुंबई शहरातील त्या साथीच्या मृत्यूंची समाजवार नोंद उपलब्ध आहे. युरोपीय लोकांत दर हजारी मृत्यूचे प्रमाण ८.३ होते, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना त्या तक्त्यात खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे, त्यांच्यात ६१.६.

या आकड्यांवर भाष्याची फारशी गरज नाही. विषाणू एकच, नगर एकच, ऋतूही तोच. मग एका समाजात सात माणसे मरावीत तेव्हा दुसऱ्यात एकच का मरावा ? उत्तर खोलीच्या लांबी-रुंदीत आहे, पोटातील अन्नात आहे, कामावर न गेल्यास चूल न पेटण्याच्या सक्तीत आहे. प्लेगनंतर २२ वर्षांचा अवधी मिळूनही नगराने हा धडा घेतला नव्हता. संकटाची पूर्वतयारी म्हणजे संकट आल्यावर वापरावयाचे अधिकार, एवढाच अर्थ ज्यांनी घेतला, त्यांच्या हाती हे आकडे आले.

गिलानुपट्ठान : धम्माची दृष्टी

बौद्ध वाङ्मयात या प्रश्नाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी आढळते. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी असलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्यास धुतले व शय्येवर निजविले. ज्यास माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी, असा उपदेश त्यांनी संघास केला. चांगल्या शुश्रूषकाचे गुणही तेथेच सांगितले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र व थुंकी यांची किळस न करणे आणि धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करणे, असे ते पाच गुण होत.

या पाच गुणांतील चौथ्या गुणावर आमचे लक्ष विशेष खिळते. जेथे मैला उचलणे हे एका जातीच्या कपाळी लिहिले जाते, तेथे तथागत स्वतःच्या हाताने रुग्णाचा मल धुतात. राजगृहातील सफाई करणाऱ्या सुनीतास ते संघात सामावून घेतात आणि त्याच्या हातून झाडू सुटतो. म्हणजे काम कोणीही करावे, पण कोणाच्याही जन्माशी ते जखडू नये. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था, औषधी वनस्पतींची लागवड आणि रस्त्यांवर विहिरी यांचा उल्लेख आहे. तेथे साथीची वाट पाहिलेली नाही. आमच्या मुंबईजवळच कान्हेरीच्या डोंगरात लेण्यालेण्यांशी कोरलेली पाण्याची टाकी आहेत. पावसाचा थेंब साठवून वर्षभराची तरतूद करणारे ते भिक्खू पूर्वतयारीचा अर्थ जाणत होते.

सुरत ते धारावी

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची वार्ता उठली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. सुमारे शंभर वर्षांनी १८९६ चीच पुनरावृत्ती झाली. मात्र १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात त्याच नगराने स्वच्छतेची घडी बसविली. वरिष्ठ अधिकारी रोज प्रत्यक्ष वस्त्यांत फिरू लागले आणि ज्या भागांकडे कोणी फिरकत नसे तेथेही सफाई सुरू झाली. याचा अर्थ असा की, नगर बदलू शकते आणि त्यास शतक लागत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस आला. चिखल उपसणारे हात कोणाचे होते, हे सांगावयास नकोच. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. दोन-अडीच चौरस किलोमीटरांत लाखोंची वस्ती असलेल्या धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल रोजी आढळला. तेथे साथ आटोक्यात आली ती घरोघर जाऊन केलेली तपासणी, स्थानिक डॉक्टरांचा सहभाग, शाळा-सभागृहांतून केलेली विलगीकरणाची सोय आणि अन्नाची तरतूद यांमुळे. रोग लपविण्याचे कारणच उरू नये, असा तो प्रयत्न होता. त्याच वर्षी आपल्या समाजाने १४ एप्रिलची जयंती घराघरांत साजरी केली आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे धावणारी पावले आवरली. ही शिस्त कोणत्याही शिपायाच्या दंडुक्याने आलेली नव्हती.

तथापि समाधान मानून थांबता येणार नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेस प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली झाला. तरीही गटारांत गुदमरून माणसे मरतच राहिली. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि २०२३ साली ती ३० लाखांवर नेली. भरपाई वाढते, याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. हलालखोर हे नाव दप्तरातून गेले, घरगल्ली अजून आहे.

उपसंहार

या साऱ्या विवेचनातून आम्ही एवढाच निष्कर्ष काढतो की, नगराची पूर्वतयारी संकटाच्या दिवशी होत नाही. त्याआधीच्या साध्या दिवसांत नगर आपल्या सर्वांत खालच्या माणसाला कोणती खोली देते, कोणते पाणी देते, आजारपणाची रजा देते की नाही, यावर ती ठरते. कायदा आवश्यक आहे, लस आवश्यक आहे. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, ही निष्ठाही आवश्यक आहे. परंतु ज्याच्या दारी आजवर राज्य केवळ झडतीसाठी आले, तो संकटकाळी दार उघडणार नाही.

आपल्या वस्त्यांतून विहारे आहेत. तेथे वंदना होते, व्याख्याने होतात. त्याच विहारात वस्तीतील एकट्या वृद्धांची, गरोदर मातांची, क्षयरोग्यांची यादी असावी. पावसाळ्यापूर्वी पाण्याची व औषधांची तजवीज व्हावी. गटारात उतरविल्या जाणाऱ्या कामगारास कायद्याची माहिती देणारे दोन तरुण तेथे बसावेत. हे काम धम्माबाहेरचे नाही. आजारी भिक्खूसाठी आनंदाने पाणी आणले, तेही धम्माचेच काम होते.

वैशालीत दरिद्री माणसांची प्रेते वेशीबाहेर टाकली गेली, तेव्हा संथागारात कोणी सभा भरविली नव्हती. सभा भरली ती रोग वेशीच्या आत आल्यावर. आमच्या नगरांनी ती सभा आधी भरवावी आणि त्या सभेत आपण उपस्थित असावे, हीच अपेक्षा.